घाटाखालचा गारवा

धामणगाव बढ्यात पुंजाजीचं घर कुणाला शोधावं लागत नसे. वैशाखातल्या भर दुपारी गावात शिरलेल्या परक्या माणसानं नुसतं "घडीभर टेकाले जागा भेटीन का हो?" असं विचारलं, की पारावरचं कुणीही हात लांब करून सांगे, "तो निंब दिसते ना, त्याच्या मांगं पुंजाजीची बैठक हाय. जा, तिथी उन्हाळा नाई." आणि खरंच नव्हता. बाहेर कुत्री नालीच्या ओलीत तोंड खुपसून पडलेली असत, अन् आत बैठकीत गावची माणसं मांडी घालून पानसुपारी करीत गप्पा ठोकीत असत. एखादा म्हातारा तर तिसऱ्या प्रहरी अंगावर दुपट्टा ओढून घ्यायचा. ही थाप नाही. पुंजाजी स्वतःच सांगत सुटायचा म्हणून थाप वाटते, एवढंच.

माणसाला एक ना एक वेड असतं. कुणाला भजनाचं, कुणाला कोर्टकचेरीचं. पुंजाजीला घरांचं होतं, आणि तेही नुसतं बांधायचं नव्हे, थंड करायचं. तसा तो साधा कास्तकार. कपाशी, ज्वारी, एक विहीर, एक बैलजोडी. पण तरुणपणी एकदा तो रोहिणखेडच्या बाजारातून उन्हाचा परतत होता आणि जीव घाबरा झाला म्हणून तिथल्या जुन्या मशिदीच्या दगडी सावलीत टेकला. टेकला तो संध्याकाळपर्यंत उठलाच नाही. भिंतीला हात लाव, वरच्या कमानीकडे बघ, पुन्हा भिंतीला हात लाव. घरी येऊन त्यानं बापाला विचारलं, "आपलं घर काऊन तापते?" बाप म्हणाला, "उन्हाळा हाय म्हनून." एवढ्या उत्तरावर सगळ्या गावाचं समाधान झालं असतं. याचं झालं नाही.

पुढं बाप गेला, घर नव्यानं बांधायची वेळ आली, तेव्हा पुंजाजीनं हौस पुरी करून घेतली. रस्त्याकडं उत्तरेला तोंड करून लांबलचक बैठक काढली. भिंती मातीच्या, पण इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणसानं मांडी घालून बसावं. वर धाबं: सागाच्या खांडांवर काड्या, काड्यांवर पळसाचा पाला, आणि त्यावर पूर्णाकाठची खारी माती, गाड्या भरभरून आणलेली. पांढऱ्या मातीनं सगळं पोतारून घेतलं. आणि खरी युक्ती तर पुढंच आहे. मावळतीकडून जे ऊन येतं ना, तेच घराचा जीव घेतं, हे त्यानं हेरलं होतं. म्हणून त्यानं मावळतीच्या बाजूला स्वयंपाकघर आणि त्याला लागून एक आतली खोली अशी आडवी घातली. दिवसभराचं ऊन त्या खोल्यांनी खायचं आणि बैठकीनं थंड राहायचं.

"ऊन कोनाच्या तरी अंगावर जाईनच ना," तो ऐटीत सांगे, "मंग म्या ते सैपाकघराच्या अंगावर घेतलं!"

लोक माना डोलवीत. कुणाला घराचा पाया घालायचा असला की पुंजाजीला बोलावणं जाई. हा बंडीच्या खिशात सरकी काढलेला कापूस कोंबून यायचा. मोकळ्या जागेत उभं राहून चिमूट चिमूट कापूस हवेत सोडायचा, तो कुठं जातो ते डोळे बारीक करून बघायचा आणि मग न्यायाधीशाच्या थाटात सांगायचा, "वारा इकून येऊन राह्यला. दरवाजा इथी. खिडकी तिथी. आन् सैपाकघर मावळतीले." अर्ध्या गावाची स्वयंपाकघरं अशी मावळतीला गेली. नम्रपणा हा गुण त्याच्या वाट्याला आलाच नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याची उणीवही कुणाला भासत नव्हती.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली होती. जिल्हा परिषद नवी, सडका नव्या, आणि गावात टिनाचीही नवी हौस आली होती. धाबं उतरवून वर चकचकीत टिनं घातली की माणूस सुधारला असं समजत. पुंजाजी अशा घरावरून जाताना मुद्दाम थांबायचा आणि आतल्या बाईला हाक मारून विचारायचा, "काय वं माय, भाकर चुलीवर टाकाची गरज पडते का, का थापून जमिनीवरच ठेवते? फुगत असन आपोआप!" टिनवाले चिडत, पण दुपार झाली की दुपट्टा खांद्यावर टाकून याच्याच बैठकीत येऊन बसत. किसनराव तर रोजचाच. किसनराव म्हणजे पुंजाजीचा लंगोटीयार, शेताला शेत लागून, आणि आळसात गावात पहिला. चहा आतून यायचा. बैठकीला घरात उघडणारं दार पुंजाजीनं ठेवलंच नव्हतं, चुलीची धग आत येईल म्हणून. गोजरबाई, म्हणजे पुंजाजीची बायको, स्वयंपाकघरातून निघून गल्लीला वळसा घालून उन्हातून चहाची कितली बैठकीच्या उंबऱ्यावर आणून ठेवायची आणि तशीच परत जायची.

असं सगळं छान चाललं होतं. त्यात विमलचं सातव्या महिन्यातलं ओटीभरण निघालं.

विमल ही पुंजाजीची थोरली लेक, फार लाडाची. तिला बुलढाण्याला दिली होती. जावई मार्तंड बांधकाम खात्यात कारकून, स्वभावानं गरीब, बोलणं मोजकं. आता या जिल्ह्यात माणसं दोनच जातीची, एक घाटावरची आणि एक घाटाखालची. राजूरचा घाट चढून गेलं की बुलढाणा, तिथं उन्हाळ्यातही वारा गार. आपण जणू काही हिमालयात राहतो अशा तोऱ्यात घाटावरचे बोलतात, आणि घाटाखालचे ते ऐकून दात-ओठ खातात. पुंजाजीचं मात्र तसं नव्हतं. तो म्हणे, "थंडी तुमच्या घाटाची. माह्या घरची थंडी म्या केली."

पहिलं बाळंतपण माहेरी, ही काही लिहून ठेवायची गोष्ट नाही. फाल्गुनात ओटीभरण झालं की लेकीला घेऊन यायचं, वैशाखात बाळंतपण, मग बारसं. आठव्या महिन्यात पोटुशी बाई प्रवासाला निघत नाही, म्हणून आठवा लागायच्या आत तिला आणायचं. पुंजाजी आणि गोजरबाई एस्टीनं बुलढाण्याला गेले. खण-नारळ झालं, पंगत झाली, आणि पुंजाजीनं हात धुता धुता विहीणबाईंना म्हटलं, "मंग आमी उद्या विमलले घेऊन निंगतो."

अन्नपूर्णाबाई, मार्तंडची आई, पदर सावरून पुढं आल्या. बाई सरळ. पोटात एक अन् ओठात एक असला प्रकार नाही.

"इवाईबुवा, राग नका मानू," त्या म्हणाल्या, "पन सुनेले आमी घाटाखाली धाडत नाई. वैशाखात तिथी धडधाकट मानूस शिजते. लेकरू कसं टिकीन? बाळंतपन इथीच करू."

पुंजाजीला वाटलं कुणीतरी भरल्या पंगतीत थोबाडीत मारली. "शिजत असतीन दुसऱ्याच्या घरी! माह्या घरी मानसं दुपारी दुपट्टा पांघरतात. साऱ्या पंचक्रोशीत इचारा!"

"पंचक्रोशीले काऊन इचारू? तुमच्या पोरीलेच इचारा ना," बाई म्हणाल्या आणि पानाचा डबा घेऊन आत गेल्या.

परसदारी विमल तुळशीपाशी पाटावर बसली होती, हातात नुकत्याच भरलेल्या हिरव्या बांगड्या. पुंजाजी तिच्यासमोर उकिडवा बसला. "सांग बाप्पा तुह्या सासूले. आपलं घर थंड हाय का नाई?"

विमल बांगड्या मागंपुढं करीत राहिली. मग म्हणाली, "बाबा, तुमची बैठक थंड हाय."

"मंग?"

"बाळंतिणीले कोणी बैठकीत नाई निजवत, बाबा. आतल्या खोलीत निजवते. धाकला झाला त्या वक्ताले माय तिथीच होती ना. मी पंख्यानं वारा घालो. माय भिंतीले पाठ टेकाले जाये आन् चटका बसला की सरळ होऊन बसे. लेकराच्या अंगावर घामोळ्यानं तीळ ठेवाले जागा नव्हती." तिनं वर पाहिलं. "मले यावंसं वाटते, बाबा. माय पाहिजे मले जवळ. पन त्या खोलीची मले भेव वाटते."

बाप म्हणून जी एक गोष्ट आपण नक्की दिली असं पुंजाजीला वाटत होतं, तीच लेक नको म्हणत होती. दुसऱ्या दिवशी दोघं नवराबायको रिकामे परतले. एस्टी घाट उतरायला लागली तशा झळा तोंडावर यायला लागल्या.

"तुवा मले कधी काऊन नाई सांगतलं?" त्यानं गोजरबाईला विचारलं.

"सांगो ना. दर उन्हाळ्यात सांगो," गोजरबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तुमी म्हना, चुलीपाशी गरम होईनच, त्यात नवल काय."

म्हटलं होतं खरं. त्याला आठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बैठकीत माणसं जमली आणि धनीच गायब. धनी आतल्या खोलीत जाऊन बसला होता. घर बांधून इतकी वर्षं झाली, पण भर दुपारी, शेजारी चूल पेटलेली असताना तो त्या खोलीत कधी बसला नव्हता. कशाला बसेल? ती बायकांची जागा. धान्याची पोती, पाळणा टांगायचा आकडा आणि एक बाज. फाल्गुनच तर होता अजून. तरी पुंजाजीच्या मानेवरून घामाचे ओघळ लागले. सवयीनं त्यानं खिशातला कापूस काढून चिमूटभर सोडला. कापूस कुठं गेलाच नाही. जरासा वर चढला, खांडाला जाऊन चिकटला आणि तिथंच राहिला. त्यानं भिंतीला पाठ टेकली आणि झटक्यात सरळ झाला.

गोजरबाई पिठाचा डबा घ्यायला आत आली आणि दचकली. "आवं माय! तुमी इथी काय करून राह्यले?"

"बसलो हाव."

"बाहेर मानसं आलीत ना."

"येऊ दे." त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "विमलची माय, म्या ऊन सैपाकघराच्या अंगावर घेतलं म्हनत होतो. सैपाकघरात तू होती."

गोजरबाईनं पदरानं कपाळ पुसलं. तिला कणीक भिजवायची होती, ती डबा घेऊन गेली. पुंजाजीला मात्र लाज वाटली, अशी की बैठकीत जाऊन चार माणसांत बसायची हिंमत होईना. आपलं एकट्याचं घर असतं तरी ठीक होतं. यानं तर अर्ध्या गावाच्या बायका उन्हाच्या तोंडी दिल्या होत्या, आणि वर शाबासकी घेतली होती.

पण हातपाय गाळून बसणाऱ्यातला तो नव्हता. आठवा लागायला अजून अवकाश होता. तेवढ्यात खोली थंड करायची, विहीणबाईंना दाखवायची आणि लेक आणायची, असं त्यानं ठरवलं. रविवारी मार्तंड आला. त्यालाही बायकोच्या मनातलं ठाऊक होतं. त्यानं खोली पाहिली आणि चाचरत म्हणाला, "मामाजी, आमच्या खात्यात साहेबलोकाच्या बंगल्याचे नकाशे येतात. त्याच्यात भिंतीले वरती, छताले लागून झरोके असतात. तापलेली हवा वरती जाते म्हनतात, तिले निंगाले वाट पाहिजे."

घर कसं बांधावं हे पुंजाजीला कुणी शिकवावं! दुसरा कुणी असता तर त्याला उभा सोलला असता. पण जावई पडला. शिवाय खांडाला चिकटलेला कापूस डोळ्यांपुढून हलत नव्हता. "बराबर बोलले जवाईबापू," तो म्हणाला, आणि हे दोन शब्द म्हणताना त्याला काय यातना झाल्या ते गोजरबाईनं दारातून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

मग काम सुरू झालं. उगवतीच्या भिंतीला वर झरोके पाडले. मावळतीच्या भिंतीबाहेर हातभर अंतर सोडून पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, कुड उभा केला, म्हणजे ऊन कुडानं खावं आणि मधून वारा वाहावा. धाब्यावर आणखी खारी माती चढवली. चूलसुद्धा अंगणात हलवली. पुढच्या खेपेला मार्तंड भर दुपारी स्वतः आत जाऊन बसला. जावई बाळंतिणीच्या खोलीत बसलेला पाहून गोजरबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो बाहेर आला तेव्हा सदरा भिजला होता, पण पिळण्याइतका नाही.

"आधीपेक्षा लय बरं हाय, मामाजी," तो म्हणाला. थांबला. खोटं त्याला बोलता येत नसे. "पन आता चैत लागून राह्यला. वैशाखात..."

"नाई जमत," पुंजाजीनंच वाक्य पुरं केलं. मावळतीच्या त्या भिंतीनं वर्षानुवर्षं ऊन खाल्लं होतं, ती इतक्यात कशी निवणार? नवी खोली बांधावी तर ओल्या भिंतीत बाळंतीण ठेवता येत नाही. मार्तंड संध्याकाळच्या एस्टीनं गेला. जाताना म्हणाला, "आठवा लागाले आता थोडेच दिवस राह्यले."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुंजाजी बैठकीत बसला होता. किसनराव आडवा होऊन घोरत होता. निंबाखालून आलेला वारा खिडकीतून येऊन उगवतीच्या खिडकीतून जात होता. पुंजाजीनं एकदा घोरणाऱ्या किसनरावाकडं पाहिलं. मग दक्षिणेकडच्या त्या जाड, आंधळ्या भिंतीकडं पाहिलं, जिच्या पलीकडं माजघर होतं. मग तो उठला आणि गोठ्यातून सब्बल घेऊन आला.

पहिल्या घावाला किसनराव ताडकन उठून बसला. "भूकंप झाला का बे?"

"दार पाडून राह्यलो."

"कशाले?"

"ही बाळंतिणीची खोली करतो आता."

किसनरावाला वाटलं आपण अजून झोपेतच आहोत. "डोकं फिरलं का तुहं? रस्त्यावरच्या बैठकीत बाळंतीण? सोयर आन् इटाळ काही हाय का नाई? लोक शेण घालतीन तोंडात!"

"घालू दे. थंड खोली हीच हाय. पोरगी इथीच निजीन."

"आन् आमी कुठी बसू?"

"मांगच्या खोलीत. जवाईबापूनं झरोके पाडले हायेत," पुंजाजी म्हणाला आणि दुसरा घाव घातला.

ती भिंत त्यानं स्वतःच्या देखरेखीखाली रचली होती, ओळ ओळ वाळवून. फोडताना तिनं चांगलाच घाम काढला. संध्याकाळी माती पडून आरपार उजेड दिसला तेव्हा पलीकडून गोजरबाई वाकून बघत होती. हे घर बांधल्यापासून ती बैठकीत आतून पहिल्यांदाच बघत होती.

"लोक काय म्हनतीन?" ती म्हणाली.

"म्हनतीन पुंजाजीची पोरगी बैठकीत बाळंत झाली. खरंच त बोलतीन."

रस्त्याकडचं दार आतून लावून घेतलं. खिडक्यांना बाहेरून बांबूचे तट्टे बांधले, वारा यावा पण गल्लीतली नजर येऊ नये म्हणून. देवाचा फोटो माजघरात नेला. जमीन शेणानं सारवून काढली. आणि अन्नपूर्णाबाईंना निरोप गेला, की पाहायला या.

बाई आल्या त्या ऐन दुपारी. मुद्दामच ती वेळ निवडली असावी. एस्टीतून उतरून चालत आल्या तोवर चेहरा लालबुंद झाला होता. नव्या दारातून आत शिरल्या, बाजेवर न बसता खाली जमिनीवर बसल्या. भिंतीला हात लावला. पाठ टेकून पाहिली. पाणी मागून प्यायल्या. पुंजाजी दारात उभा. मुलीच्या लग्नातसुद्धा त्याची छाती इतकी धडधडली नव्हती.

"इवाईबुवा," बाई शेवटी म्हणाल्या, "मंग तुमची बैठक कुठी गेली?"

पुंजाजीनं मागची खोली दाखवली. बाई उठल्या, मागच्या खोलीत गेल्या आणि गेल्या पावली परत आल्या. पदरानं मान पुसली. आणि मग त्यांनी जे पुंजाजीकडं पाहिलं, त्यात घाटावर-घाटाखाली काही उरलं नव्हतं.

"धाडतो पोरीले," त्या म्हणाल्या. "पन मी बारशाच्या आठ दिवस आधी येईन. आन् इथीच निजीन."

पुंजाजीचा जीव भांड्यात पडला. तो हसला, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं लपवलंही नाही.

आठवा लागायच्या आत विमल आली. वैशाखात, बाहेर झळा सुटल्या असताना, तिला मुलगी झाली. सुईण म्हणाली, इतकी बाळंतपणं केली पण घामानं न निथळता केलेलं हे पहिलंच. लेकराच्या अंगावर घामोळं म्हणून नव्हतं. विहीणबाई शब्दाप्रमाणे आल्या आणि दुपारच्या अशा गाढ झोपायच्या की गोजरबाईला पाळण्याची दोरीही जपून ओढावी लागे. मुलीचं नाव वासंती ठेवलं.

तिकडं मागच्या खोलीत पुरुषांची बैठक भरायची. भरायची कसली, शिजायची. पहिल्या दिवशी सगळे आले. मग एकेक गळायला लागला. किसनराव तेवढा चिकाटीनं येत राहिला, ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन. एकदा तो दुपट्टा पिळता पिळता म्हणाला, "पुंजाजी, माह्या घरीबी आतली खोली अशीच हाय का बे?"

"अशीच. माह्याच सांगण्यावरून त बांधली तुवा."

किसनराव घरी गेला. त्याच आठवड्यात त्यानं चूल उगवतीच्या पडवीत हलवली. त्याच्या बायकोनं गावभर सांगितलं, आणि मग एकेक घरून पुंजाजीला पुन्हा बोलावणी यायला लागली. तो कापूस घेऊनच जायचा, पण आता ओसरीवर न थांबता थेट चुलीपाशी जाऊन सोडायचा. घरातल्या बाईला म्हणायचा, "तू इथी बस माय, आन् सांग मले." बायका आधी लाजायच्या. मग इतकं सांगायच्या की त्याला जेवायला उशीर व्हायचा.

सव्वा महिना झाला आणि मार्तंड विमलला न्यायला आला. त्या वर्षी मिरगानं दडी मारली होती, ऊन वैशाखासारखंच. लेक आणि नात गेल्या. घर सुनं सुनं झालं. पण गावातल्या लोकांना दुसरीच घाई होती. त्याच दुपारी किसनराव चार जणांना घेऊन हजर. त्यांनी माती भिजवून ठेवली होती, तुडवलीसुद्धा होती. आतलं दार बुजवायचं, रस्त्याकडचं उघडायचं, तट्टे सोडायचे आणि संध्याकाळपर्यंत बैठक पहिल्यासारखी. पुंजाजीनंच तसं कबूल केलं होतं. त्यालाही तिथल्या गप्पांची ओढ लागली होती, खोटं कशाला बोला.

"थांबा, बाज बाहेर काढतो," म्हणून तो माजघरातून आत गेला.

आत गोजरबाई झोपली होती. सारवलेल्या जमिनीवर, उशाला हात घेऊन. शेजारी सुपात ज्वारी, अर्धी निवडलेली. निवडता निवडता डोळा लागला असावा. तट्ट्यातून आलेला वारा तिच्या कपाळावरचे केस हलवत होता. पुंजाजी जागच्या जागी उभा राहिला. इतका संसार झाला, लेकीला लेक झाली, पण दिवसाउजेडी त्यानं या बाईला झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर घाम नव्हता. तिचा चेहरा असा दिसतो हेच त्याला माहीत नव्हतं.

तो पाय न वाजवता मागं फिरला आणि दार ओढून घेतलं.

"मंग, लावू का माती?" किसनरावानं विचारलं.

"हळू बोल बे. निजली हाय ती."

"कोन?"

"विमलची माय." पुंजाजीनं भिजवलेल्या मातीकडं पाहिलं. "माती न्या तुमच्या घरी. कुठीबी लागीन. हे दार बुजत नाई आता."

सगळेच एकमेकांकडं बघत राहिले. निंबाच्या सावलीत एकेक जण टेकला.

"आन् चहा?" थोड्या वेळानं किसनराव दबक्या आवाजात म्हणाला.

"मी मांडतो," पुंजाजी म्हणाला आणि चुलीकडं गेला. चूल कशी पेटवायची हे आपल्याला येत नाही, हे त्याला तिच्यासमोर बसल्यावर कळलं. बराच वेळ फुंकून फुंकून त्याचे डोळे धुरानं लाल झाले, घामानं बंडी भिजली. पण त्यानं तिला उठवलं नाही.